लिफ्ट सोळासाठी दहा मिनिटं

३ फेब्रुवारी, मंगळवार

वाचनालयाची लिफ्ट मी महिन्यातून एकदा तपासतो, तसा आज गेलो होतो. तळमजल्याला ती चार मिलिमीटर खाली थांबत होती. नियमात पाच चालतात, मला चालत नाहीत. शून्यावर आणली, हात पुसले, बाहेर आलो आणि समोरच्या फळ्यावर सूचना दिसली. उभ्या उभ्या तीनदा वाचली. इथे उतरवून ठेवतो, शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारून.

वाचनालयात खेळांची एक खोली होते आहे. तिथे एकच व्हिडिओ गेम कायमचा ठेवणार, त्याचं मूळ जुनं मशीन असेल तर उत्तमच. ज्याला आपला आवडता गेम तिथे असावा असं वाटतं, त्याने रविवारी २२ तारखेला सकाळी दहा वाजता सभागृहात यावं, दहा मिनिटांत त्याची बाजू मांडावी आणि शक्य झाल्यास खेळून दाखवावं. हजर असतील ते मत देतील.

ग्रंथपाल बाईंना तिथल्या तिथे नाव दिलं. त्या म्हणाल्या, "गेमचं नाव नंतर कळवलंत तरी चालेल, विचार करा." विचार कसला करायचाय? लिफ्ट सोळा!

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी लिहितो. (ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, पण लिहायचं तर पूर्ण.) पडद्यावर सोळा मजल्यांची इमारत, मध्ये लिफ्ट, हातात एक हँडल. मजल्यामजल्यावर माणसं खोळंबलेली. लिफ्ट मजल्याशी बरोबर लावायची आणि दार उघडायचं. दोन ठिपक्यांपेक्षा जास्त चुकलं तर माणूस ठेचकाळतो, त्याची टोपी पडते आणि तो रागारागाने जिन्याने निघून जातो. आठव्या मजल्यानंतर वेग वाढतो, मग हँडल मजला यायच्या आधीच सोडावं लागतं. बंदूक नाही, बॉम्ब नाही. ह्या गेममध्ये कोणी मरत नाही, फार तर उशीर होतो.

लहानपणी जायचो त्या टोकनकाकांच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये अकरा मशीनं होती, एका टोकनला एक खेळ. लिफ्ट सोळा भिंतीकडचं शेवटचं. माझा हात पोचायचा नाही म्हणून सोड्याच्या क्रेटवर उभा राहायचो. एकसष्ट हजार चारशे! पार्लर बंद होईपर्यंत तो आकडा कोणी मोडला नाही. आई एकट्याला सोडायची नाही म्हणून ताई सोबत असायची. ती मागे उभी राहून शेंगदाणे खायची आणि मध्येमध्ये "आता, आता" करायची. मी लक्ष द्यायचो नाही.

सतराव्या वर्षी कापडाच्या गोदामात हँडलची मालवाहू लिफ्ट पहिल्या झटक्यात मजल्याला लावली, तेव्हा मालकाने विचारलं, "कुठे शिकलास?" मी म्हणालो, "स्वतःच." आजतागायत तेच उत्तर आहे. कोर्स नाही, डिप्लोमा नाही, गुरू नाही.

वय बावन्न. तरी आज घरी दोन-दोन पायऱ्या चढत आलो.

४ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं!!

टोकनकाकांकडे गेलो. आता ऐंशीच्या घरात आहेत, कानाला यंत्र लावतात, पण मला बघताच म्हणाले, "क्रेटवाला ना तू?" मागच्या गोदामात घेऊन गेले. जुन्या गाद्यांखाली, उभंच्या उभं, लिफ्ट सोळा. बाकीची दहा मशीनं केव्हाच गेली. हे उरलं, कारण ह्याला कोणी विचारलं नाही.

"महिनाअखेर गोदाम खाली करायचंय," काका म्हणाले. "अठ्ठावीसला भंगारवाला येतोय. वाचनालयाने घेतलं तर त्याला सांगेन, नाहीतर जाऊ दे."

"जाऊ कसं द्यायचं?"

"अरे, तुझ्या घरात ठेवतोस का मग?"

दाराची रुंदी आठवली. मशीन सत्तर, दार सहासष्ट.

म्हणजे बावीस तारखेला जे होईल ते होईल. जिंकलो तर लिफ्ट सोळा राहिली, हरलो तर सहा दिवसांत तिचे तुकडे.

७ फेब्रुवारी, शनिवार

तीन दिवस काम संपलं की सरळ काकांचं गोदाम. ट्रान्सफॉर्मर बदलला. हँडलखालच्या, वीज पोचवणाऱ्या चारही पट्ट्या घासल्या. स्पीकर तेव्हाही मेलेला होता, आजही मेलेलाच आहे. त्याला तसाच ठेवला, कारण मूळ अवस्था महत्त्वाची. दुपारी चारला बटण दाबलं. आधी एक हिरवी रेघ, मग धूसर, मग सोळाच्या सोळा मजले. काकांनी टाळ्या वाजवल्या.

मग खेळलो. नऊ हजार दोनशे.

पुन्हा खेळलो. सात हजार आठशे.

हँडलची स्प्रिंग सैल आहे, दुसरं काय? उद्या मोजतो.

८ फेब्रुवारी, रविवार

स्प्रिंग मोजली. ठीक आहे. पट्ट्या ठीक. पडद्याची उजेडाची पातळी ठीक. चष्म्याचा नंबर डिसेंबरमध्येच तपासला होता. सगळं ठीक असूनही अकरा हजारांपुढे जात नाही. कारण शोधतोय.

भाषण मात्र रंगलंय. एक्केचाळीस मुद्दे, चौदा पानं. मुद्दा एक: हा एका खेळाडूचा गेम आहे. एक माणूस, एक हँडल, ना साथीदार, ना शिक्षक. जे शिकायचं ते स्वतः शिकायचं. ह्या एका मुद्द्यावर आपण जिंकू. मुद्दा सतरा तर लाखात एक: ट्रंकवाली बाई लिफ्टमध्ये शिरली की लिफ्ट एक ठिपका खाली उतरते, म्हणून तिला घेताना हँडल किंचित आधी सोडावं लागतं. हे मी दोन संध्याकाळी पडद्याला पट्टी लावून शोधून काढलं. जगात कोणाला माहीत नसेल.

हिला वाचून दाखवलं. ही भाजी निवडत होती, घड्याळ समोर होतं.

"तेवीस मिनिटं," ही म्हणाली.

"चौदा पानांना बरी आहेत."

"चौदा पानांना नाही हो. अजून पहिलाच मुद्दा चाललाय."

११ फेब्रुवारी, बुधवार

मुद्दा नऊ म्हणजे माझा विक्रम. त्याला पुरावा हवा. म्हणून एक निवेदन टाइप करून घेतलं: "एकसष्ट हजार चारशे हा आकडा माझ्यासमोर झाला असून मी त्याची साक्षीदार आहे." ते घेऊन ताईकडे गेलो. ताई शाळेत पी.टी.ची शिक्षिका होती, गेल्या वर्षी निवृत्त झाली. छत्तीस वर्षं मुलांना पळायला लावलं. शिट्टी अजून किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.

तिने कागद दूर धरून वाचला.

"साक्षीदार?" ती म्हणाली.

"म्हणजे तू तिथे उभी होतीस ना?"

"होते तर. रोज होते."

जरा वेळ कागदाकडे बघत राहिली. चष्मा सापडत नसावा. मग सही केली, ठसठशीत.

"ठेंग्या," म्हणाली (अजून हेच म्हणते, मी पाच फूट सात आहे), "मशीन चालू झालंय म्हणतोस, तर मला एकदा खेळायला मिळेल का रे?"

मी सांगितलं, रविवारनंतर बघू, हँडलची स्प्रिंग नाजूक आहे. ती "बरं" म्हणाली आणि चहा टाकायला उठली. ताईचं हे एक बरं आहे, कधी हट्ट करत नाही. लहानपणीही कधी केला नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बारा हजार सहाशे. हँडल बदललं, परत जुनं लावलं. खुर्चीवर बसून खेळलो, उभा राहून खेळलो, शेवटी काकांकडून क्रेट मागवून त्यावरही उभा राहिलो. डोकं छताला लागलं. काका हसून हसून खोकले.

घरी चिडचिड झाली. ही म्हणाली, "अहो, ताईंना बोलवा की शेजारी उभं राहायला. तेव्हा असायच्या ना?"

"तिचा काय संबंध? एका खेळाडूचा गेम आहे. मुद्दा एक."

"मुद्दा एक, मुद्दा एक," ही म्हणाली. "तुमचा मुद्दा आणि तुम्ही."

बायकांना तांत्रिक बाजू समजावून सांगणं अवघड असतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

अकरा वाजता फोन. बाजारामागच्या इमारतीत लिफ्ट चौथ्या-पाचव्या मजल्यांच्या मध्ये अडकली, आत दोन माणसं. धावलो.

अशा वेळी काम कसं करतात ते लिहून ठेवतो. वीज बंद करायची. मी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. एका हाताने ब्रेक सोडायचा, दुसऱ्या हाताने चाक फिरवायचं. पण तिथून लिफ्ट दिसत नाही. म्हणून खाली मजल्यावर दुसरा माणूस उभा असतो, तो लिफ्टची फट बघतो आणि जिन्यातून ओरडतो, "अजून... अजून... बस!" आजचा वॉचमन नवखा. "बस" म्हणायचा तेव्हा लिफ्ट वीतभर पुढे गेलेली. चारदा मागेपुढे केलं. खाली आलो आणि त्याला चांगलं सुनावलं: चाक काय, कोणीही फिरवेल, खरं काम हाक देणाऱ्याचं. हाक चुकली की मोठ्यातला मोठा मेकॅनिक आंधळा.

लिफ्टमधून बाहेर पडले ते दातांचे डॉक्टर, त्यांचा दवाखाना तिथेच पाचव्या मजल्यावर आहे. सोबत गाल सुजलेला एक पेशंट. डॉक्टरांनी घाम पुसत माझा हात हातात घेतला. बोलता बोलता कळलं, रविवारी तेही आहेत! अवकाशयानांचा गेम, शत्रूंची चाळीस यानं पाडायची. पडद्यावर चित्रं दाखवून भाषण करणार आहेत.

"तुमचा कुठला?" त्यांनी विचारलं.

सांगितला.

"लिफ्टचा गेम?" डॉक्टर म्हणाले. "अहो, मी आत्ताच खेळून बाहेर आलोय!"

पेशंटलासुद्धा हसू आवरेना, बिचारा गाल धरून हसला. हसा म्हणावं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मशीन वाचनालयात पोचलं! टेम्पोत मी मागे बसलो, मशीनला मिठी मारून. सभागृहाच्या दाराची रुंदी आधीच मोजली होती, नव्वद. डॉक्टरही आपलं सामान लावायला आले होते. बाह्या वर करून त्यांनी मशीनची एक बाजू उचलून धरली. माणूस वाईट नाही.

तिसरी उमेदवार कॉलेजातली एक चष्मेवाली मुलगी आहे. तिचा गेम मोबाइलवरचा, ठोकळे जुळवायचा. ती मशीनभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाली, "काका, हे भारी आहे!" मनात म्हटलं, एक मत आपलं.

मग सराव केला. आजवरचा उत्तम आकडा चौदा हजार सहाशे. ह्याच हातांनी एकसष्ट हजार केले होते. हात तेच आहेत, मशीन तेच आहे. मग गेलं कुठे ते? सगळ्यांसमोर टोप्या पडणार, लोक हसणार, आणि आठवड्याभरात भंगारवाला. खेळून न दाखवता नुसतं भाषण करावं का? हिला विचारलं. ही म्हणाली, "लिफ्टवाल्याने लिफ्ट लावायला घाबरायचं? शर्टाला इस्त्री केलीय, झोपा." मग जरा थांबून, "मी ताईंनाही सांगितलंय उद्याचं." बरं केलं. साक्षीदार हजर असलेला चांगला.

२२ फेब्रुवारी, रविवार

कुठून सुरुवात करू!

त्र्याण्णव लोक. मोजले. टोकनकाका पहिल्या रांगेत, कानातलं यंत्र नीट बसवून. ही आणि ताई तिसऱ्या रांगेत. आधी डॉक्टर बोलले, छानच बोलले, यानं फुटली की पोरं टेबलं बडवत होती. मग चष्मेवाली. मग मी.

उदाहरणं गाळून, पळवत पळवत सहा मिनिटांत साडेतीन मुद्दे झाले. साडेतीन, कारण चौथ्याच्या मध्येच ग्रंथपाल बाईंनी घंटी वाजवली आणि म्हणाल्या, "चार मिनिटं राहिली, खेळून दाखवताय ना?"

मशीनजवळ गेलो. पहिला प्रवासी, दुसरा मजला. ठेचकाळला. टोपी पडली. सभागृह हसलं. दुसरा प्रवासी, टोपी पडली. आणखी मोठ्याने हसले. तिसऱ्यासाठी लिफ्ट सातव्याकडे निघाली आणि मागून आवाज आला,

"आता."

मोठ्याने नाही. शेंगदाणे तोंडात असल्यासारखा. माझा हात आपोआप सुटला, डोक्याला त्याने विचारलंसुद्धा नाही. लिफ्ट मजल्याला लागली, एक ठिपका इकडे नाही, तिकडे नाही. माणूस आत शिरला, टोपी डोक्यावर.

"आता." लागली. "आता." लागली! आठवा मजला गेला, वेग वाढला, आणि हाक तितकीच आधी येऊ लागली. पोरांच्या लक्षात आलं. मग काय, सगळं सभागृह ओरडायला लागलं, "आता! आता! आता!" कोण आधी, कोण नंतर, टोकनकाका तर नुसतेच "हाण!" म्हणत होते. लागोपाठ तीन टोप्या पडल्या.

तेवढ्यात शिट्टी वाजली. छत्तीस वर्षांची शिट्टी ती. त्र्याण्णव माणसं एका दमात गप्प.

"हाक एकाचीच!" ताई उभी राहून म्हणाली. "बाकीच्यांनी हाताची घडी. खेळ रे ठेंग्या."

ती रांगेतून बाहेर आली आणि माझ्या मागे, उजव्या खांद्याशी उभी राहिली. पुढची दोन मिनिटं मला नीट आठवत नाहीत. एवढं आठवतं की सोळाव्या मजल्यावर ट्रंकवाली बाई उभी होती आणि ताईने "आता" म्हटलं ते नेहमीपेक्षा किंचित आधी. बाई आत आली, लिफ्ट एक ठिपका उतरली आणि बरोबर मजल्यावर बसली. मुद्दा सतरा मी पट्टी लावून दोन संध्याकाळी शोधला. ताईला कोणी सांगितला?

घंटी वाजली. अठरा हजार आठशे, तेही पाच टोप्या पडून! लोक उभे राहिले होते.

प्रश्नांच्या वेळी डॉक्टरांनी हात वर केला. "मुद्दा एक मी लिहून घेतलाय. एक माणूस, एक हँडल, ना साथीदार, ना शिक्षक. मग ह्या बाई कोण?"

मी म्हणालो, "मशीनचा स्पीकर तेव्हाही बंद होता, त्यामुळे..." आणि पुढचं वाक्य सापडेना. चौदा पानं चाळली. त्यात ते नव्हतं.

ताईच बोलली, सहज, कोणी वेळ विचारल्यावर सांगावी तशी. "मी मोठी बहीण त्याची. टोकन एकच असायचं."

ही खाली बघत होती. मीही हँडलकडे बघत होतो. खूप वेळ, निदान चार सेकंद.

मतं: लिफ्ट सोळा एक्कावन्न, अवकाशयानं तेहतीस, ठोकळे नऊ. माझे पहिले साडेतीन मुद्दे प्रभावी ठरले असावेत, असं इथे लिहिणार होतो. ही शेजारून वाचतेय आणि "हं?" म्हणतेय, म्हणून तूर्त तसंच सोडतो.

लिफ्ट सोळा राहिली! राहिली! काकांनी भंगारवाल्याला सभागृहातूनच फोन लावला आणि तो उचलायच्या आधीच त्याला "येऊ नको" म्हणून टाकलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

रजा टाकली. एकवीस वर्षांत आजारपणाशिवाय पहिली.

ग्रंथपाल बाईंना मशीनशेजारी लावायला एक पाटी हवी होती, गेम कसा खेळायचा त्याची. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून मलाच सांगितली. पहिली ओळ लिहिली, "खेळाडू: एक." बराच वेळ तिच्याकडे बघितलं. मग नवा पुठ्ठा घेतला. "खेळाडू: दोन. पहिल्याने हँडल धरावे. दुसऱ्याने मागे, उजव्या खांद्याशी उभे राहून हाक द्यावी. हाक देणारा नसेल तर खेळू नये." तांत्रिकदृष्ट्या हेच बरोबर आहे. स्पीकर बंद असताना हाताला आवाजाची खूण लागते, म्हणून दुसरा माणूस हा यंत्रणेचाच भाग धरावा लागतो. गेल्या सोमवारी वॉचमनला मी वेगळं काय सांगितलं होतं?

साक्षीदाराचं ते निवेदन फाडून टाकलं. त्यातली माहिती अपुरी होती.

दहाला वाचनालय उघडतं. बाईंना विचारून साडेनऊलाच ताईला घेऊन गेलो. शेंगदाणे आणले होते. ताईने हँडलला हात लावायच्या आधी पदराला पुसला. स्प्रिंगचं मी काही बोललो नाही.

"उभा राहा मागे," ती म्हणाली.

राहिलो. लिफ्ट निघाली. मी डोळे फाडून बघत होतो, मनात ठिपके मोजत होतो, अकरा, दहा, नऊ. "आता!" टोपी पडली.

"उशीर केलास, ठेंग्या."

"आता!"

"आता लवकर झालं!"

तेरा टोप्या पडल्या. ताई इतकी हसत होती की तिला हँडल धरवेना. तीन हजार चारशे. पहिल्या खेळाला हा आकडा वाईट नाही, आणि त्यातही तिचा हात कुठेच चुकला नव्हता, हे नमूद करतो. चूक हाकेची होती. इतक्या वर्षांनी मी पहिल्यांदाच त्या जागेवर उभा राहिलो. तिथून पडदा तिरका दिसतो, खेळणाऱ्याचं डोकं मध्ये येतं, आणि तरीही वेळ साधायची असते.

उद्या साडेनऊला पुन्हा जायचं ठरलंय. हाक देणं पुस्तकात नाही, मोजून येत नाही, स्वतःचं स्वतः शिकता येईल असंही दिसत नाही. घरी येताना बसमध्ये ताईला विचारलं, शिकवशील का?

"शेंगदाणे तू आणायचे," ती म्हणाली.